मलम लावायचं ते कडेकडून

उत्तरा सरून हस्त लागला की सोलापूरच्या हवेला एक आंबूस ओल येते. आमच्याकडे जूनचा पाऊस नुसती हजेरी लावून जातो. खरा येतो तो परतीचा, भाद्रपद-आश्विनात. दिवसा ऊन असं की स्कूटरच्या सीटवर बसवत नाही, आणि संध्याकाळी आभाळ फाटतं. भिंतींना घाम येतो, मीठ बरणीत गोळा होऊन बसतं, कपाटातल्या साड्यांना वास लागतो. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत दोऱ्या भरून कपडे लटकतात आणि दुसऱ्या दिवशीही हाताला गारच लागतात. शाळेतल्या बायका म्हणतात, यंदा परतीचा चांगला झाला, ज्वारी मस्त येणार. येऊ दे बाई. माझं लक्ष या दिवसांत ह्यांच्या मनगटाकडे असतं.

हे म्हणजे माझे यजमान. शाळेत मुलांना सर्वनामं शिकवतेस आणि घरात नवरा सर्वनामावरच चालवतेस, असं आमची मुलगी पुण्याहून फोनवर चिडवते. ह्यांच्याकडे शुक्रवार पेठेतल्या एका लहानशा देवीची पूजा आहे. होती, असं म्हणायला हवं. माझ्या तोंडात अजून 'आहे'च येतं, आणि मग मी पुढचं वाक्य गिळते.

उन्हाळाभर ते मनगट साफ होतं. सोलापूरच्या उन्हाळ्याला सगळं गाव शिव्या घालतं, पण आमच्या घरात तो एकच ऋतू औषधासारखा येतो. चैत्र-वैशाखात ह्यांची कातडी कोरडी पडते, डाग फिके होतात, खाज थांबते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "काका, असंच राहिलं तर बघू." तो 'बघू' ह्यांनी श्रावणभर जपला. यंदाच्या नवरात्रात पुन्हा गाभाऱ्यात जायचं, एवढी एकच गोष्ट ह्यांना हवी होती. तोंडाने बोलले नाहीत. पण घरातली पळी-पंचपात्री चिंचेने घासून लखलखीत करून ठेवली, तेव्हा कळायचं ते मला कळलं. आणि पितृपक्षात एका सकाळी चहाचा कप घेताना सदऱ्याची बाही वर सरकली आणि ते दिसलं. गोल. कडा जराशी उठलेली, लाल, मध्ये स्वच्छ. मी पाहिलं, ह्यांनीही पाहिलं.

"साखर कमी झालीय का?" मी विचारलं.

"न्हाय की. बराबर हाय," असं म्हणून ह्यांनी बाही खाली ओढली.

नायटा हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. डॉक्टरीणबाई त्याला बुरशीचा संसर्ग म्हणतात, मेडिकलवाला इन्फेक्शन म्हणतो, पेठेतल्या बायका 'ते' म्हणतात. आम्ही काहीच म्हणत नाही. आम्ही नुसते बाह्या ओढतो.

आमची देवी विणकरांच्या आळीतली. आता आळीत हातमाग औषधालाही उरलेले नाहीत, पण देवीचा नेम उरला आहे: तिच्या पुजाऱ्याने रेशीम नेसायचं नाही. सुतीच नेसायचं, आणि घटस्थापनेआधी आळीतल्या तेलुगू घरांनी दिलेलं नेसायचं. ह्यांच्या लहानपणी सगळं कुटुंब देवळामागच्या दोन खोल्यांत राहायचं. धोतर धुतलं की काठीने उंच वलणीवर वाळत टाकायचं, म्हणजे कोणाचा हात लागत नाही, आणि पहाटे काठीनेच उतरवून कोरडं खडखडीत नेसायचं. माझे सासरे तसंच करत, त्यांचे वडीलही तसंच करत. मग आमचं लग्न झालं, मुलगी झाली, माझी नोकरी लागली आणि आम्ही फ्लॅटमध्ये आलो. फ्लॅटमध्ये उंच वलणी कुठून आणणार? घरून नेसून निघावं तर वाटेत स्कूटर, सिग्नल, माणसांची शिवाशीव. पिशवीत घालून न्यावं तर पिशवीच ओवळी. हे साधे माणूस, कोणाला विचारायला गेले नाहीत, आपली आपण वाट काढली. देवळातल्या नळाखाली आंघोळ करायची, तिथेच धोतर बुडवायचं, पिळायचं आणि ओलंच नेसायचं. ओल्याला विटाळ नाही म्हणतात. पहाटेपासून दुपारच्या नैवेद्यापर्यंत ते अंगावरच वाळायचं, आणि पावसाळ्यात वाळायचंच नाही.

गंमत अशी की लोकांना त्याचंच कौतुक वाटायला लागलं. "इथला पुजारी ओलेत्यानं पूजा करतो, लई कडक देवी हाय," असं बायका नव्या सुनांना सांगायच्या. मीही तेव्हा पदर सावरून जरा ताठ उभी राहायची, खोटं कशाला बोलू. आमच्या फ्लॅटला वलणी नव्हती म्हणून जे सुरू झालं ते बघता बघता देवीची परंपरा होऊन बसलं.

ज्या वर्षी ह्यांची खाज सुरू झाली ते वर्ष माझ्या डोक्यात वासांनी राहिलं आहे. ओल्या सुताचा वास. कापराचा. कडुनिंबाच्या कढवलेल्या पाल्याचा, जो भाजीच्या पातेल्यातूनही महिनोन्महिने गेला नाही. त्या वर्षी हस्त असा लागला की घटाखालच्या मातीत पेरलेलं धान्य उगवायच्या आधीच कुजलं. हिरव्या तुऱ्यांच्या जागी पिवळा लगदा, आणि त्यावर पांढरा कापूस. आळीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. ह्यांनी वरची माती सारखी केली आणि वर झेंडूच्या माळा सोडल्या. माळा सोडताना ह्यांचा डावा हात सारखा कमरेकडे जात होता. मी सभामंडपातून पाहत होते. मला वाटलं, धोतर सुटतंय की काय.

खाज ही दुखण्यासारखी नसते. दुखणाऱ्याची लोक चौकशी करतात, खाजवणाऱ्याला हसतात. माणूस कण्हला तर त्याला पाणी देतात. खाजवताना दिसला तर त्याच्या हातचं पाणी घेत नाहीत. आणि ह्यांना तर खाजवायचीही सोय नव्हती. दोन्ही हात देवीच्या अंगावर, आणि सगळ्या आळीचे डोळे ह्यांच्या पाठीवर. हे आरती म्हणायचे आणि वरच्या पट्टीत आवाज चिरकायचा. लोकांना वाटायचं, भक्तीने गळा दाटून आलाय.

काय काय लावलं त्या दिवसांत! आधी खोबरेल तेलात कापूर. मग निंबाचं पाणी. मग वळसंगहून श्रीपादने टाकळ्याचं बी आणून दिलं, ते ताकात वाटून थापायचं. श्रीपाद म्हणजे ह्यांचा चुलत भाऊ. तिकडे शेती बघायचा, सणासुदीला देवळात हाताखाली यायचा. त्याचा जीव होता ह्यांच्यावर. "दादा, ह्यानं आमच्या गड्याचं समदं गेलं बगा," असं म्हणत त्याने स्वतः बसून लेप घातला. ह्यांचं मात्र गेलं नाही. मग कोणी एस.टी. स्टँडवरचं काळपट मलम सांगितलं. ते लावल्यावर हे गॅलरीचा कठडा धरून उभे राहिले, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी पुसायला गेले तर म्हणाले, "झोंबतंय म्हंजे लागू पडतंय की." जे झोंबतं ते लागू पडतं, हा आमच्या लोकांचा औषधांबद्दलचा विश्वास आहे आणि बहुतेक देवाबद्दलचाही.

आणि मग ती ट्यूब आली. पेठेतल्या मेडिकलवाल्याने कागदाच्या पुडीत बांधून दिली. "पुजारीकाका, एवढंच ना? हे लावा. सगळ्याला चालतं." सगळ्याला चालतं, हे त्याचं खरंच होतं. त्या एका ट्यूबमध्ये सगळंच होतं: बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि वर स्टेरॉइड. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच कळलं की झोंबलं नाही, वास आला नाही, आणि दोन-तीन दिवसांत ती लाल तापलेली जागा शांत झाली. कातडी लहान मुलासारखी मऊ झाली. त्या दिवशी हे देवळातून आले ते पेढे घेऊन. "तिनं ऐकलं," म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी पेढ्यावर पेढा खाल्ला. आजही त्या पेढ्यांची चव आठवली की माझी जीभ कडू होते.

ट्यूब थांबली की ते परत यायचं, आणि आधीपेक्षा मोठं होऊन यायचं. मग पुन्हा ट्यूब. गोल जाऊन नकाशे झाले, कमरेवरून पाठीवर, जांघेत, पोटावर. ट्यूब संपत आली की हे ती कात्रीने उभी कापून आतून बोट फिरवायचे. घरात मऊ जाड टॉवेल एकच होता, सोलापूरचाच, मुलीच्या साखरपुड्यात आलेला. तो दोघांत वापरून मलाही कमरेवर एक चकती उठली. माझी लवकर गेली, कारण मी ती ट्यूब लावली नव्हती. ह्यांची कातडी मात्र हळूहळू पातळ होत गेली आणि तिच्यावर जांभळट रेघा उमटल्या, बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा. त्या आता जन्मभर जाणार नाहीत. माझ्या पोटावरच्या रेघांना निदान एक मुलगी दाखवता येते. ह्यांनी काय दाखवायचं?

शेवटी मी ओढून नेलं डॉक्टरीणबाईंकडे. लहानशी मुलगी, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने भिंग लावून पाहिलं, ट्यूब पाहिली आणि कपाळाला हात लावला. "काका, चोर घरात असताना तुम्ही राखणदारालाच झोपेचं औषध देत बसलात हो. आरडाओरडा थांबला, चोर कुठे गेला?" हे मान खाली घालून हसले. मग तिने नवं मलम दिलं, गोळ्या दिल्या आणि लावायची रीत शिकवली. मलम मधून बाहेर फासायचं नाही. दिसतं त्याच्याही पलीकडून, चांगल्या कातडीपासून सुरुवात करायची आणि कडेकडून आत यायचं. डाग गेला तरी लावत राहायचं. घाई करायची नाही. ओलं अंगावर ठेवायचं नाही, काही झालं तरी नाही.

"म्हंजे वल्लं धोतर?" ह्यांनी विचारलं.

"कुठलंही ओलं, काका."

परत येताना स्कूटर ह्यांनीच चालवली. घरापाशी आल्यावर म्हणाले, "पोरगी हुशार हाय. पण तिला काय सांगणार आपण." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ओलंच नेसले. नवरात्र सुरू होतं ना. नवरात्रात कसं सोडायचं?

हातावर आलं ते त्याच नवरात्रात. कमरेवरचं धोतराखाली झाकतं, पाठीवरचं उपरण्याखाली. हात कुठे झाकणार? देवीला रोज चंदनाची उटी लागते. हे ती उजव्या हाताच्या अनामिकेने लावायचे, इतकी हलकी की पाहणाऱ्याच्या कपाळाला गार वाटावं. अष्टमीला कुंकू लावून घेणाऱ्या एका बाईने कपाळ पुढे केलं, ह्यांच्या हाताकडे पाहिलं आणि कपाळ मागे घेतलं. बास, एवढंच झालं. रांगेतल्या पुढच्या बाईने कुंकवाची वाटी आपण उचलून घेतली, आणि तिच्या मागचीनेही. हे मात्र बोट तसंच पुढे धरून उभे होते.

दसरा झाल्यावर आळीचे पंच आप्पा घरी आले. आप्पा वाईट माणूस नाहीत, हेच अवघड आहे. चहा घेतला, मुलीची चौकशी केली आणि मग म्हणाले, "राग मानू नगा. अंगावर असं असताना मूर्तीला हात लावायचा न्हाय, ही रीत तुमाला मी काय सांगू? बरं होईस्तोवर श्रीपादला बसू द्या." हे म्हणाले, "व्हय, बराबर हाय," आणि गाभाऱ्याच्या किल्ल्या आणून ठेवल्या. आप्पांनी त्या उचलायच्या आधी खिशातून रुमाल काढला. तो रुमाल मला अजून दिसतो. पांढरा, निळ्या काठाचा, इस्त्रीचा.

बरं होईस्तोवर! किती साधे शब्द. ताप आलेल्याला म्हणावेत, पाय मोडलेल्याला म्हणावेत. त्यात कुठेतरी एक शेवट धरलेला असतो. आमच्या घरात या शब्दांना शेवट नाही. मलमं बदलली, गोळ्या बदलल्या. जी पूर्वी लागू पडायची ती आता पडत नाहीत, असं डॉक्टरीणबाईच सांगतात. बुरशी मुरली आहे म्हणे. प्रत्येक उन्हाळ्यात आशा आणि प्रत्येक हस्तात पुन्हा तीच गोल कडा. मी चादरी उकळते, बनियन उलटी करून इस्त्री करते, टॉवेल वेगळे, बादल्या वेगळ्या. इस्त्रीची वाफ तोंडावर घेताना मला कधीकधी वाटतं, ही मी नवऱ्याची सेवा करत नाही, या ओलीची करते आहे. हिला सांभाळते, हिच्या वेळा पाळते, हिच्या मर्जीने घर चालवते. अशी निष्ठा मी देवीलाही कधी वाहिली नाही.

पाठीवर ह्यांचा हात पोचत नाही, म्हणून तिथे मी लावते. सकाळी आंघोळीनंतर पाठ कोरडी करून, खिडकीपाशी उजेडात बसवून. चांगल्या कातडीपासून सुरुवात, मग कडा, मग आत. हे डोळे मिटून बसतात. एकदा माझ्या लक्षात आलं की ह्यांचे ओठ हलताहेत. हे उटी लावतानाचे मंत्र म्हणत होते. हात माझा चालला होता, पाठ त्यांची होती, आणि मनाने ते गाभाऱ्यात उभे राहून दुसऱ्याच कुणाला तरी चंदन लावत होते. मी हात थांबवला नाही. थांबवला असता तर त्यांना कळलं असतं की मला कळलं. डोळे भरून आले तर पुसायला माझा एकही हात मोकळा नव्हता, दोन्ही मलमाचे.

मी देवीशी भांडते. घरात, भांडी घासताना, शाळेत कोऱ्या फळ्याकडे तोंड करून. तुझ्यासाठी ओलं नेसला ना हा माणूस? मग? पण खरी चीड मला तिची येतही नाही. चीड येते ती या गोष्टीच्या क्षुद्रपणाची. मोठा रोग असता तर लोक भेटायला आले असते, हळहळले असते. माणसाचं अख्खं आयुष्य जावं आणि ते कशाने, तर नायट्याने! सांगतानाही लाज वाटते आणि ऐकणारा 'एवढंच ना' म्हणतो.

यंदा मनगटावर ते दिसलं त्यानंतर, घटस्थापनेच्या तोंडावर, श्रीपाद घरी आला. तो आता देवळामागच्या खोल्यांतच राहतो. दुपारची वेळ, हे जेवून बसले होते. श्रीपाद खुर्चीवर टेकला नाही, भिंतीला पाठ घासत उभा राहिला. मला बघताक्षणी समजलं. ती पाठ घासण्याची तऱ्हा मी डोळे मिटूनही ओळखीन.

"वहिनी, दादा पयली कुटली ट्यूब लावायचा वो? ती, दोन दिवसात जायाचं ती?"

मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "सदरा वर कर."

त्याने सदरा वर केला. कमरेवर, बरोबर धोतराच्या गाठीखाली, गोल. ह्यांनी वाकून कडेपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "ती लावू नगंस. माझं बघतोयस न्हवं? डॉक्टरीणबाईकडं चल माझ्यासंगं. आणि वल्लं नेसू नगंस."

"मग काय नेसू? आळीतली समदी बघत्यात."

"मी आप्पाला सांगतो."

"माझं नाव न्हाय सांगायचं दादा! तुमास्नी देवीची आन हाय." श्रीपाद रडवेला झाला. "मला बी बसीवलं तर उद्या पूजा कोण करंल? तुमी?"

त्याला टोचायचं नव्हतं, मला माहीत आहे. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून खरं तेच बाहेर पडतं. ह्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, उलटे करून पाहिले, पुन्हा सुलटे केले, आणि मांडीवर ठेवून दिले.

त्याच संध्याकाळी आम्ही आप्पांकडे गेलो. ह्यांनी श्रीपादचं नाव काढलं नाही. आपलंच दुखणं पुढे करून म्हणाले, "आप्पा, माजं झालं ते झालं. पण हितनं म्होरं पुजाऱ्याला कोरडं नेसू द्या. देवळावर उंच वलणी बांधा, मी बांधून देतो. वल्ल्यानं हे असं होतंय."

आप्पा समजुतीने हसले. "तुमच्या बापजाद्यांनी वल्ल्यानंच केली की. त्यास्नी कुटं काय झालं?"

"ती कोरडं नेसायची, आप्पा. वल्लं मी चालू केलं. फ्लॅटवर ऱ्हायला गेल्यावर."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. दुखणाईत माणसाच्या बायकोकडे पाहतात तसं, जरा कीव करून. "काय बोलताय ह्ये? परंपरा काय माणूस चालू करतो व्हय? देवीचं हाय ते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचं तुमाला भोवलं म्हणून तिच्या रीतीवर येऊ नगा."

मी सांगितलं की हे खरं बोलताहेत, मी तेव्हा घरात होते, ही वलणीची भानगड माझ्यासमोर झाली. आप्पा "व्हय बाई, व्हय" म्हणाले. आमचं लग्न झालं तेव्हा याच आप्पांचे वडील पंच होते आणि सासऱ्यांचं कोरडं धोतर त्यांनी रोज पाहिलं होतं. ते आता नाहीत. ज्यांनी पाहिलं ते सगळे गेले आणि ज्यांनी ऐकलं तेवढे उरले. हे उठले, नमस्कार केला, आणि येताना वाटेत एकदाच म्हणाले, "माझंच मला मागं घेता येईना."

परवा अष्टमी होती. मी म्हटलं, नका जाऊ. पण हे निघाले, आणि मग मीही निघाले. पाऊस नुकताच थांबला होता, सभामंडपाच्या फरशीवर माणसांच्या पावलांचं पाणी. आम्ही गाभाऱ्याच्या उंबऱ्यापासून जरा अंतर ठेवून उभे राहिलो. तशी कोणी रेघ मारलेली नाही, पण आम्हाला दोघांनाही ती दिसते. आत श्रीपाद ओलेत्याने उभा होता. धोतराच्या काठातून पाणी निथळत होतं. उपरणं बाजूला सरकलं होतं आणि त्याची कंबर समईच्या उजेडात लख्ख दिसत होती. मऊ, साफ, एक डाग नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हेही तिकडेच पाहत होते. मेडिकलवाल्याने कागदाच्या पुडीत काय बांधून दिलं असेल ते आम्हा दोघांना सांगायची गरज नव्हती.

आप्पा शेजारी उभ्या पाहुण्यांना सांगत होते, "पोरगा दिवसभर वल्ल्यानं असतोय, पण अंग बगा कसं सोन्यावानी. मनात भाव असला की ती सांभाळून घेती." पाहुण्यांनी हात जोडले. ह्यांनीही जोडले. आन घातलेली होती.

आरती झाली. श्रीपाद तीर्थाची पळी घेऊन बाहेर आला. सगळ्यांच्या तळहातावर पळी टेकवत, तीर्थ देत देत तो आमच्यापाशी आला आणि थबकला. ह्यांनी उजवा हात पुढे केला, द्रोण करून. मनगटावरची ती गोल कडा उजेडात आली. श्रीपादने एकवार ह्यांच्या डोळ्यांत पाहिलं, एकवार आजूबाजूच्या माणसांकडे, आणि पळी वर उचलली. वरून, अंतर ठेवून, न शिवता त्याने ह्यांच्या हातावर तीर्थ सोडलं. थोडं बाजूला सांडलं.

ह्यांनी तीर्थ घेतलं. तीर्थाचा ओला हात माणूस डोळ्यांना लावतो, डोक्यावरून फिरवतो. जन्मभर ह्यांनी तसंच केलं आणि सगळ्या आळीला तसंच करायला शिकवलं. परवा ह्यांनी खिशातून रुमाल काढला. तळहात पुसला, मग एकेक बोट, मग बोटांच्या मधल्या बेचक्या, आणि उजेडात धरून पाहिलं, कुठे ओल राहिली का.